तीन कोंबड्यांचा बांधकाम परवाना

"छत्तीस वर्षं मी लोकांना परवानग्या नाकारल्यात! मला एक परवानगी मिळवता येणार नाही?"

राजारामपंत हर्डीकरांनी हे वाक्य टाकलं तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप आणि तोंडात अर्धं बिस्किट होतं. पण आवेश असा, की त्यांच्या जावयानं, प्रसादनं, समोरचा लॅपटॉप मिटला. सासरेबुवा खुर्चीत पुढे सरकून बसले की लॅपटॉप मिटायचा, हे तो दोन महिन्यांत शिकला होता.

पंत एका नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागातून निवृत्त झालेले. कुठली नगरपालिका ते सांगत नाही, कारण तिथले लोक अजून त्यांचं नाव काढलं की घाम पुसतात. फाइल समोर आली की पंत आधी चष्मा काढत, मग पुसत, मग घालत आणि मग त्रुटी काढत. त्यांच्या टेबलावरून फाइल एका फेरीत पास झाली असं गावात एकदाच घडलं, आणि त्या दिवशी पंत रजेवर होते.

आता ते आणि मालिनीबाई सहा महिन्यांसाठी मुलीकडे, वल्लरीकडे, नॉर्थ कॅरोलायनात आले होते. गाव पाइन हॉलो, मॉरिसव्हिलच्या पलीकडे वीस मिनिटांवर. इथे पंतांना कामच नव्हतं हो! डिशवॉशर भरायला जावं, तर वल्लरी तो रिकामा करून पुन्हा नीट भरायची. गवत कापायला माणूस यायचा. नऊ वर्षांच्या नातीला, सावनीला, भागाकार शिकवायला बसले, तर ती म्हणाली, "आजोबा, वी डोन्ट डू इट दॅट वे." रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून पंत सोफ्यावर बसत आणि जेवायची वेळ होईपर्यंत तिथेच असत.

आणि मग कोंबड्या आल्या. म्हणजे यायच्या होत्या.

वल्लरीची मैत्रीण शुभा टेक्सासला, शुगर लँडला निघाली होती. नवऱ्याची तिकडे बदली झाली होती. घर विकून झालं, सामान बांधून झालं, राहता राहिल्या परसातल्या तीन कोंबड्या: अबोली, शेवंता आणि बकुळी. सावनीचा त्यांच्यावर भारी जीव. शुभामावशीकडे गेली की ती माणसांशी बोलायचीच नाही, थेट मागच्या दारानं कोंबड्यांकडे. तिनं हट्ट धरला, वल्लरी हो म्हणाली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शुभा गाव सोडणार होती, त्याआधी कोंबड्या न्यायच्या. नाहीतर गावाबाहेरचा एक फार्मवाला घ्यायला तयार होता, पण त्यानं फोनवर पहिलाच प्रश्न विचारला होता, "वजन किती भरेल?"

"आजोबा, प्रॉमिस करा, दे विल कम हिअर," सावनी म्हणाली.

"शब्द दिला!" पंत म्हणाले. खरं तर हर्डीकरांच्या घरात अंडं यायचं ते फक्त केकमधून, आणि तेही कोणी विचारत नसे म्हणून. पण नातीसाठी काम मिळालं होतं, आणि तेही थेट त्यांच्या खात्यातलं!

"बाबा, पण परमिट लागतच नाही," प्रसाद म्हणाला. "मी वेबसाइट चेक केली. सहा कोंबड्यांपर्यंत ओके आहे. खुराडं लहान असेल तर कुणाला विचारायचंही नाही. कुंपणापासून दहा फूट लांब ठेवायचं, कोंबडा ठेवायचा नाही. दॅट्स इट."

"असं कोण म्हणतं?"

"वेबसाइट."

"खाली सही कोणाची आहे?"

"वेबसाइटवर सही नसते, बाबा."

"शिक्का?"

प्रसादनं फोन खिशात ठेवला.

"प्रसादराव, परवानगी लागत नाही ना? उत्तम! मग 'परवानगी लागत नाही' असं त्यांच्याकडून लेखी घेऊ. उद्या कोणी दारात उभं राहिलं तर दाखवायला कागद नको?"

"अहो, कोंबड्या बघायला कोण येतंय इथे?" मालिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"कोणी ना कोणी येतंच! मी जायचो की!"

दुसऱ्या दिवशी प्रसादनं एक मीटिंग कॅन्सल केली आणि सासऱ्यांना टाउन हॉलमध्ये नेलं. काउंटरवर डेनिस नावाच्या बाई होत्या. पन्नाशीच्या, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, समोर चॉकलेटांची वाटी. गाव एवढंसं, त्यामुळे अर्ज घेणाऱ्याही त्याच आणि तपासणाऱ्याही त्याच. बावीस वर्षांच्या नोकरीत डेनिसबाईंनी कोणालाही नाही म्हटलं नव्हतं. काउंटरच्या एका बाजूला जन्मात हो न म्हटलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला जन्मात नाही न म्हटलेली बाई! मध्ये बिचारा प्रसाद उभा होता.

"कोंबड्या? हाउ लव्हली!" डेनिसबाई म्हणाल्या. "काही लागत नाही, सर. खुशाल आणा."

"ते लिहून द्या," पंत म्हणाले.

"काय लिहून देऊ?"

"काही लागत नाही, हे."

डेनिसबाईंनी चष्मा घातला. असं आजवर कोणी मागितलं नव्हतं. त्यांनी ड्रॉवर उघडला, कॉम्प्युटर धुंडाळला. ज्या गोष्टीला परवानगी लागत नाही तिचा फॉर्म कुठून असणार? पण नाही म्हणणं त्यांना जमतच नव्हतं.

"आयडिया!" त्या म्हणाल्या. "तुम्ही एक छोटासा अर्ज करा. सोबत खुराड्याचं चित्र जोडा. सिस्टिम तुम्हाला 'परमिट नको' असं उत्तर पाठवेल, तेच तुमचं पत्र. चित्र साधं असू दे, पेपर नॅपकिनवर काढलंत तरी चालेल."

नॅपकिनवर! घरी येताच पंतांनी वल्लरीला मोठे कागद, मोजपट्टी, लाल आणि निळी पेनं आणायला पिटाळलं. पुढचे तीन दिवस घरातले सगळे जण ताट मांडीवर घेऊन जेवले, कारण डायनिंग टेबलवर नगररचना चालली होती.

आणि काय नकाशा झाला म्हणता! प्लॅन, समोरचं दर्शन, बाजूचं दर्शन, आडवा छेद, उभा छेद. उत्तर दिशेचा बाण. प्रस्तावित बांधकाम लाल रंगात. जोत्याची उंची, छज्ज्याची रुंदी, दारं-खिडक्यांचा तक्ता. कोंबड्या जिथे दांडीवर झोपणार तिथे 'बेडरूम', जिथे अंडी घालणार तिथे 'स्वतंत्र खोल्या, तीन नग', आणि पुढच्या जाळीच्या भागाला 'व्हरांडा'. वर ठसठशीत इंग्रजी अक्षरांत शीर्षक: नियोजित निवासी इमारत.

"आजोबा, पुट देअर नेम्स टू!" सावनी म्हणाली. मग 'राहणाऱ्यांची नावं' या रकान्यात पंतांनी सुंदर अक्षरात इंग्रजीत लिहिलं: मिस अबोली, मिस शेवंता, मिस बकुळी. कोंबडी हा शब्द अख्ख्या नकाशावर कुठेच नव्हता. नकाशावर राहणाऱ्याचं नाव लिहितात. तो कोण प्राणी आहे हे लिहायची त्यांच्या खात्यात पद्धत नव्हती!

डेनिसबाईंनी नकाशा पाहिला आणि छातीवर हात ठेवला. "इतकं सुंदर काही या काउंटरवर आलेलं नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तो मोठ्या प्रेमानं सिस्टिममध्ये चढवला. दुसऱ्या दिवसापासून त्या आठवडाभर सुटीवर गेल्या.

सिस्टिमला कसलं प्रेम! तिनं 'निवासी' वाचलं, 'बेडरूम' वाचलं, तीन नावं वाचली आणि फाइल पुढे ढकलली. सोमवारी प्रसादच्या फोनवर पहिला ईमेल आला: मागच्या घरात धुराची सूचना देणारा अलार्म कुठे बसवणार, ते दाखवा. मंगळवारी दुसरा: तीन रहिवाशांसाठी गाडी लावायला एक जागा हवी. बुधवारी तिसरा: अभिनंदन, आपल्या नव्या घराला ११४-बी हा क्रमांक देण्यात आला आहे.

"बघा!" पंत खुशीत म्हणाले. "फाइल हलतेय!"

"बाबा, कोंबड्यांना पार्किंग मागतायत!"

"मागू देत. तपासणी काटेकोर आहे. मला आवडलं."

गुरुवारी दाराची घंटा वाजली. शेजारचे वॉल्टर उभे होते, सत्तरीचे, एकटे राहणारे. हातात पीच पाय, म्हणजे पीच भरून भाजलेला गोड पदार्थ, आणि अंगावर चक्क कोट.

"नोटीस आली टाउनची," ते जरा लाजतच म्हणाले. "तुमच्याकडे तीन लेडीज राहायला येतायत म्हणे. म्हटलं, वेलकम करावं. त्यांना पत्ते खेळता येतात का?"

मालिनीबाईंनी पदर तोंडाला लावला तो लावलाच. प्रसादनं बापड्या वॉल्टरना मागे नेऊन, गॅरेजमध्ये जोडून ठेवलेलं चार फूट उंचीचं खुराडं दाखवलं. वॉल्टरनी कोटाची बटणं सोडली. मग म्हणाले, "हा पीच पाय ठेवून घ्या तरी." नोटीस दोनशे फुटांच्या आतल्या सगळ्या घरांना गेली होती. शुक्रवारपर्यंत फ्रीजमध्ये आणखी दोन केक आणि कोबीच्या कोशिंबिरीचं एक पातेलं जमा झालं.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पुढच्या सोमवारी डेनिसबाई सुटीवरून आल्या, त्यांनी फाइल उघडली आणि स्वतः फोन केला. आवाज रडवेला होता.

"मिस्टर हर्डीकर, आय ॲम सो सॉरी! सिस्टिमनं तुमचं खुराडं राहतं घर म्हणून धरलंय. शेजाऱ्यांना नोटिसा गेल्यात, म्हणजे आता सुनावणी घ्यावीच लागणार. ती पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला. तोवर तुमच्या बॅकयार्डमध्ये काहीही उभं करता येणार नाही."

"गॅरेजमध्ये ठेवू कोंबड्या," प्रसाद म्हणाला.

"घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये पक्षी चालत नाहीत."

"मग अर्ज मागे घेतो!"

"मागे घ्यायचा अर्जही सुनावणीतच मंजूर होतो."

प्रसादनं फोन ठेवला. शनिवार पाच दिवसांवर होता. तो वडीलधाऱ्यांना उलट बोलणारा मुलगा नव्हता, पण त्याच्याच्यानं राहवलं नाही. "बाबा, आपण विचारलंच नसतं ना, तर आत्ता कोंबड्या अंगणात असत्या."

वल्लरीनं शुभाला फोन लावला आणि हलक्या आवाजात फार्मवाल्याचा नंबर विचारून घेतला. सावनी जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, आजोबांच्या शेजारी येऊन बसली आणि त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "इट्स ओके, आजोबा. यू ट्राइड युअर बेस्ट."

ते मात्र पंतांच्या काळजाला लागलं. त्यांना एकदम एक माणूस आठवला. म्हशीच्या गोठ्यावर पत्रे टाकायची परवानगी मागायला आला होता. पंतांनी त्याला अकरा वेळा परत पाठवलं होतं, दर वेळी एक नवी त्रुटी काढून. अकराच्या अकरा पहिल्या दिवशी सांगता आल्या असत्या! पावसाळा त्या म्हशीनं उघड्यावर काढला. इतक्या वर्षांत पंतांना त्या माणसाची आठवण कधी झाली नव्हती, आणि आज त्यांना मनापासून लाज वाटली.

"चहा निवला," मालिनीबाई म्हणाल्या.

पंतांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "अगं, अकरा त्रुटी!"

"काय झालं?"

"अर्ज मंजूर होत नाही, मागे घेता येत नाही. पण फेटाळता येतो की! काउंटरवर, जागच्या जागी! आणि फेटाळायला माझ्यापेक्षा लायक माणूस आहे का कुठे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पंत इस्त्रीच्या शर्टात, लाल पेन खिशाला लावून, डेनिसबाईंसमोर उभे होते. शेजारी प्रसाद.

"हा अर्ज फेटाळा," पंत म्हणाले.

"छे छे, असं मनाला लावून घेऊ नका!" डेनिसबाई म्हणाल्या. "आपण काहीतरी मार्ग काढू."

"मार्ग काढू नका! हे बघा, छताची उंची चार फूट. माणूस उभा राहू शकत नाही."

"त्याला सूट मागता येते."

"दार चौदा इंच रुंद आहे!"

"सरकतं दार करता येईल."

"स्वयंपाकघर नाही, न्हाणीघर नाही, झोपायला एक लाकडी दांडी!"

"लहान घरांची फॅशन आहे सध्या," डेनिसबाई धीर देत म्हणाल्या. "पार्किंगचंही मी बघून ठेवलंय. बस स्टॉप जवळ असला की माफ होतं."

पंतांना घाम फुटला. एकेक त्रुटी ते काढत होते आणि ही माउली एकेक भरून काढत होती! असा अधिकारी त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. लाल पेनानं नकाशावर खुणा करत करत ते खाली सरकले, आणि उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीवर त्यांचं बोट थांबलं. चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. काही फरक पडला नाही.

"बाबा, काय झालं?" प्रसादनं विचारलं.

चौकटीवर लिहिलं होतं 'जागेच्या मालकाची सही', आणि खाली झोकदार सही होती: राजाराम हर्डीकर. घर प्रसाद आणि वल्लरीचं. पंत इथे सहा महिन्यांचे पाहुणे. पण घरात वडीलधारं माणूस असताना दुसरं कोण सही करणार? लग्नपत्रिकेत, भाडेकरारात, शाळेच्या प्रगतिपुस्तकात, हर्डीकरांच्या घरात सही करत आले ते राजारामपंत. इथेही हात आपोआप गेला होता. ज्या चुकीसाठी ते पुढचं पान न उलटता फाइल भिरकावून देत, जी चूक करणाऱ्याला सगळ्या ऑफिससमोर "शाळेत गेला होतात का?" असं विचारत, ती चूक! आणि जावयाच्या देखत!

गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं. डेनिसबाईंनी ती चौकट पाहिलीच नव्हती. पंतांनी प्रसादकडे एकदा बघितलं आणि नकाशा काउंटरवर फिरवून पुढे सरकवला.

"अर्ज मालकानं केलेलाच नाही," ते म्हणाले. "मालक हे. सही माझी. माझी चूक आहे."

डेनिसबाईंनी सही बघितली, प्रसादचं लायसन्स मागून घेतलं, स्क्रीनवरचं नाव पाहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना मार्ग सापडेना. "ओह डिअर," त्या म्हणाल्या. "मग हा अर्ज नाहीच धरता येणार. म्हणजे तो कधी आलाच नव्हता, असं होतं. मला... मला तुम्हाला नाही म्हणावं लागतंय!" आणि त्यांनी डोळे पुसले.

"म्हणा!" पंत कळवळून म्हणाले. "जमेल तुम्हाला. मी आहे ना!"

पंतांच्या देखरेखीखाली डेनिसबाईंनी 'रद्द' या बटणावर क्लिक केलं. सुनावणी गेली, पार्किंग गेलं, ११४-बी गेला. अर्जच नव्हता म्हटल्यावर बंदी कसली! बाहेर आल्यावर प्रसादनं गाडीचं दार सासऱ्यांसाठी उघडून धरलं. सहीबद्दल तो एक अक्षर बोलला नाही, आणि घरीही सांगितलं नाही. पंतांनी हे लक्षात ठेवलं. त्या दिवसापासून ते त्याला प्रसादराव म्हणायचं थांबले आणि नुसतं प्रसाद म्हणायला लागले.

शनिवारी सकाळी शुभाची गाडी दारात थांबली. भरलेल्या सामानाच्या फटीतून तिनं जाळीचा एक पिंजरा काढला. शुभा रडली, वल्लरी रडली, कोंबड्यांनी मात्र उतरल्या उतरल्या मालिनीबाईंची कोथिंबीर साफ केली. सावनी ओल्या गवतात फतकल मारून बसली होती, मांडीवर अबोली, आणि तिच्या तोंडून मराठीच येत होतं, "बस गं, बस ना, घाबरू नकोस." पंत खुराड्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते. इतका सुखी माणूस पाइन हॉलोत त्या दिवशी दुसरा नव्हता.

तेवढ्यात कुंपणापलीकडून वॉल्टर डोकावले.

"छान आहेत हो तुमच्या लेडीज," ते म्हणाले. "मलाही दोन आणाव्याशा वाटतायत. घर फार शांत असतं माझं. मिस्टर हर्डीकर, तुम्ही या विषयातले एक्स्पर्ट. परवानगीसाठी काय काय करावं लागतं?"

पंत उठले. त्यांनी शर्ट खाली ओढून नीट केला, घसा साफ केला. मालिनीबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन कपाळाला हात लावला. पंतांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि कुंपणावरून वाकून, वॉल्टरच्या कानाशी जाऊन हळूच म्हणाले, "आधी आणा. आणि मेहेरबानी करून कोणाला विचारू नका!"

एवढं बोलून ते लगबगीनं घरात शिरले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या हातून एका फेरीत परवानगी दिली गेली होती, आणि तीही तोंडी!